‘अजून तरी नाही’

वाल्या कोळ्याची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे आणि अनेकांनी सांगितलीही आहे. रांजणातले खडे, घरच्यांचा नकार, नारदमुनींचा उपदेश, उलटे नाम आणि मग वारूळ. कीर्तनात हे सारे पाव तासात होते. ‘अंगावर वारूळ चढले’ एवढे म्हणून बुवा थांबतात, टाळकरी गजर उचलतात, आणि गजर संपतो तेव्हा वाल्या गेलेला असतो, वाल्मीकी उभा असतो. लहानपणी मला या जागी एक शंका येई. ती मी कधी कुणाला विचारली नाही. वारूळ चढायला दिवस किती लागले? त्या दिवसांत वाल्याला भूक लागत होती का? एखाद्या रात्री उठून पुन्हा जुन्या वाटेवर जाऊन उभे राहावे, असे त्याला वाटले का? कथा याविषयी काही बोलत नाही. कथेला घाई असते.

ही शंका साठ वर्षांनी पुन्हा वर आली ती एका इंग्रजी चित्रपटामुळे. आपल्या मासिकात सिनेमाविषयी लिहावे का, याचा मी बराच विचार केला. पण ज्यात मारामारी नाही, शृंगार नाही, विनोदही फारसा नाही, आणि एक पडलेला माणूस कसा उठतो एवढेच जो दीड तास शांतपणे दाखवतो, त्या चित्रपटाविषयी वारकऱ्यांपुढे बोलायचे नाही तर कुणापुढे बोलायचे? मुलीने तो मला घरी लावून दाखवला. इंग्रजी कळेना तेथे ती थांबवून सांगत होती. दुसऱ्यांदा मी एकट्यानेच पाहिला. त्या वेळी शब्दांची फारशी गरज वाटली नाही, कारण त्यातली माणसे बोलतातच थोडे.

चित्रपटाचे नाव ‘टेंडर मर्सीज’. साल १९८३. पटकथा हॉर्टन फूट यांची, दिग्दर्शन ब्रूस बेरेसफर्ड यांचे. फूट हे टेक्सासचेच, त्या मातीत वाढलेले. बेरेसफर्ड मात्र ऑस्ट्रेलियाचे. कदाचित म्हणूनच टेक्सासची ती सपाट, उघडी जमीन त्यांनी नवख्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिली आहे. हमरस्त्याच्या कडेला एक लहानसे मोटेल, पुढे पेट्रोलचा पंप, भोवती काही नाही. नजर जाईल तिथपर्यंत रान आणि वर आभाळ. माणसे त्यात इतकी लहान दिसतात, की त्यांची सुखदुःखेही कुणाला दिसत नसतील असे वाटावे. नायकाची भूमिका रॉबर्ट डुव्हाल यांनी केली. या भूमिकेसाठी त्यांना आणि पटकथेसाठी फूट यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. बक्षिसांचे एवढेच पुरे.

मॅक स्लेज हा एके काळचा नामांकित गायक. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतून जे ‘कंट्री’ संगीत गातात, त्यात त्याचे नाव होते. स्वतः गाणी रचायचा, स्वतः गायचा. दारूने सगळे गेले. बायको गेली, मुलगी दुरावली, नाव गेले. चित्रपट सुरू होतो तेव्हा तो त्या मोटेलच्या खोलीत एका माणसाशी बाटलीवरून झटापट करत असतो आणि जमिनीवर पडतो. जाग येते तेव्हा सोबती निघून गेलेला, खिशात पैसा नाही, खोलीचे भाडे थकलेले. मोटेलची मालकीण रोझा ली ही तरुण विधवा. तिचा नवरा व्हिएतनामच्या युद्धात मेला. पदरात सनी नावाचा लहान मुलगा. मॅक तिला म्हणतो, पैसे नाहीत, काम करून फेडतो. ती कबूल होते. अट एकच, कामावर असताना प्यायचे नाही.

इथे ती त्याला उपदेश करत नाही. हे मला फार महत्त्वाचे वाटले. कोण, कुठला, काय करत होतास, असे का झाले, यातले काही विचारत नाही. त्याला काम देते, जेवायला बोलावते. जेवणाआधी प्रार्थना होते, ती ऐकत तो बसतो. दारे-खिडक्यांची डागडुजी, पंपावर गाड्यांत पेट्रोल भरणे, आवारातला कचरा वेचणे. दिवस जातात.

आणि हे दिवस किती जातात, ते चित्रपट सांगत नाही! मला येथेच माझे वारूळ आठवले. दिग्दर्शकाने केलेली गंमत अशी, की जे प्रसंग दुसऱ्या कुणी वाजतगाजत दाखवले असते ते त्याने गाळून टाकले आहेत. मॅकने दारू सोडली तो दिवस चित्रपटात नाही. शपथ नाही, बाटली फोडणे नाही, देवापुढे रडणे नाही. एका प्रसंगात भाजीच्या वाफ्यात दोघे काम करत असताना तो तिला साध्या शब्दांत विचारतो, माझ्याशी लग्न करण्याचा विचार करशील का? ती म्हणते, करीन. लगेच पुढे त्यांचा संसार चालू झालेला दिसतो. लग्न पडद्यावर झालेच नाही. त्याऐवजी काय दाखवले आहे? रिकामी दुपार, रस्त्यावरून जाणारी गाडी, मुलाशी चाललेले दोन शब्द, गिटारीवर चाचपडणारी बोटे. जिथे कथा धावते तिथे हा चित्रपट चालतो, आणि जिथे कथा थांबून गजर करते तिथे हा न थांबता पुढे जातो. पहिल्यांदा पाहताना मी थोडा वैतागलो, हेही सांगून टाकतो. नंतर कळले, की हेच त्याचे म्हणणे आहे.

गावात एक बाई मॅकला ओळखते आणि विचारते, तुम्ही खरेच मॅक स्लेज होतात का? ‘आहात’ म्हणत नाही, ‘होतात’ म्हणते. तिच्या मनात दुष्टावा नाही, सहज विचारते. तोही रागावत नाही. होतो बहुधा, अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटून निघून जातो. एवढ्या एका प्रसंगात त्या माणसाची सगळी कीर्ती आणि कीर्ती गेल्यानंतरचे सगळे जिणे आले आहे. ज्यांनी मोठा गळा असलेले गायक उतारवयात पाहिले आहेत, सप्ताहाच्या मांडवात मागे भिंतीला टेकून बसलेले, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

पण गेलेली कीर्ती माणसाला सुखाने बसू देत नाही. मॅकची पहिली बायको डिक्सी अजून मोठी गायिका आहे, त्यानेच रचलेली गाणी गाऊन टाळ्या घेते आहे. तो तिच्या कार्यक्रमाला जातो. मुलीला भेटायचे असते आणि एक नवे गाणेही सोबत असते. डिक्सी त्याला झिडकारते. दारूच्या भरात तो तिच्या जिवावर उठला होता, हे ती विसरलेली नाही; आणि चित्रपटही आपल्याला ते विसरू देत नाही. पुढे गाणे परत येते, चांगले नाही म्हणून. त्या संध्याकाळी मॅक गाडी घेऊन निघून जातो. घरी रोझा ली वाट पाहत बसते. मुलगा झोपतो, ती जागी. आपल्या माता-भगिनींतल्या कितीतरी जणींनी अशी रात्र काढली आहे. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की जीव कानात गोळा होतो, आणि आला तर कसा येईल ही धास्ती वेगळीच.

तो येतो. सांगतो, बाटली विकत घेतली होती, पण ओतून टाकली. बस. ही बातमी तो विजय म्हणून सांगत नाही, कबुली म्हणून सांगतो. ‘ओतून टाकली’ याच्या आधी ‘विकत घेतली’ हे आहे. दुसरा लेखक असता तर पहिला अर्धा भाग त्याने लपवला असता, नाहीतर दुसऱ्याचा डंका पिटला असता. आणि तीही ‘शाबास’ म्हणत नाही, ‘घेतलीच का’ असेही विचारत नाही. नेम टिकला तो शपथेच्या बळावर नव्हे. त्या रात्री घरात दिवा जळत होता, कुणीतरी जागे होते, म्हणून टिकला असे मला वाटते. हे मी माझ्या पदरचे बोलतो आहे, चित्रपट तसे म्हणत नाही. चित्रपट काहीच म्हणत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला, त्याकडे येतो. मॅकची मुलगी स्यू ॲन, वय वर्षे अठरा, आईला न विचारता बापाला भेटायला येते. इतक्या वर्षांनी भेट, दोघेही अवघडलेले. जाताना ती विचारते, मी लहान असताना तुम्ही मला कबुतराचे एक गाणे म्हणून दाखवत होता ना? आठवते का? तो म्हणतो, नाही आठवत. ती निघून जाते. मग तो खिडकीशी उभा राहतो, पाठ आपल्याकडे, आणि ते गाणे हळू आवाजात म्हणू लागतो. ‘विंग्ज ऑफ अ डव्ह’ नावाचे हे भक्तिगीत तिकडे घरोघरी माहीत आहे. त्याला ते अक्षरन् अक्षर येते.

मग नाही का म्हणाला? मुलीने मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, लाजला. नंतर वाटले, एवढेच नाही. ‘आठवते’ म्हटले असते तर गाणे म्हणून दाखवावे लागले असते. आणि म्हणून दाखवले असते तर मधली सगळी वर्षे पुसली गेली, आपण पुन्हा बाप-लेक झालो, असा अर्थ झाला असता. तो अर्थ घेण्याची आपली पात्रता नाही, असे त्याला वाटले असावे. अनुताप झालेल्या माणसाची ही ओळख मला खरी वाटते. तो मिळालेली क्षमासुद्धा पटकन उचलत नाही, हात मागे घेतो. आणि कॅमेराही त्याचा चेहरा दाखवत नाही. आपण त्याच्या पाठीमागे उभे राहून ऐकतो. डुव्हाल यांनी या चित्रपटातली आपली सगळी गाणी स्वतःच्या आवाजात गायिली आहेत. हा आवाज कमावलेल्या गवयाचा नाही, थोडा कोरडा, थोडा घोगरा आहे. पण त्या खिडकीतले गाणे एखाद्या सुरेल गायकाने उसन्या आवाजात दिले असते तर सगळा प्रसंग फुकट गेला असता. देवळात काकड्याच्या वेळी एखादा म्हातारा कोपऱ्यात स्वतःपुरते गुणगुणतो, त्या जातीचे हे गाणे आहे.

त्यानंतर मुलगा सनी आणि मॅक दोघेही एकाच दिवशी चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतात. त्या पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयात, आपल्या मुखाने श्रद्धा सांगून माणूस तो घेतो, आणि त्याला पूर्ण पाण्यात बुडवून वर काढतात. जुना माणूस पाण्याखाली गेला, नवा वर आला, असा त्याचा भाव. आपण चंद्रभागेत बुडी मारून वर येतो तेव्हा काहीसे असेच वाटते, पण ती तुलना मी ताणणार नाही. त्यांचा विधी त्यांचा आहे. मला सांगायचे आहे ते घरी परततानाचे. गाडीत मुलगा म्हणतो, सगळे सांगत होते की आपण बदलून जाऊ. तुम्हाला बदलल्यासारखे वाटते का? मॅक उत्तरतो, अजून तरी नाही. मुलगा आरशात स्वतःला पाहतो, मॅककडे पाहतो, दिसण्यातही काही फरक नाही. मी तरी वेगळा दिसतो का, विचारतो. पुन्हा तेच उत्तर, अजून तरी नाही.

हसू येते. मलाही आले. आणि मग ते हसू घशात अडकले, कारण माझ्याच हातून झालेली एक गोष्ट आठवली.

आमच्या दिंडीत एक पखवाजी होते. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. हात असा, की चाल चढत गेली आणि त्यांनी मृदंग उचलला की वाटचालीतले थकलेले पायही आपोआप ठेक्यात पडत. दारू होती. एका आषाढीला त्यांनी पंढरपुरात माळ घातली. आम्हा सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी मी बोलायला उभा राहिलो आणि बोलण्याच्या भरात त्यांना मांडवात पुढे बोलावले. म्हणालो, पाहा, हा माणूस बदलला! लोकांनी गजर केला. ते खाली मान घालून उभे होते. मला वाटले, नम्रता.

पावणेदोन वर्षे नीट गेली. मग घरात एक मृत्यू झाला आणि त्या रात्री ते प्यायले. एकच रात्र. सकाळी त्यांनी माळ काढून देवघरात ठेवली. दारू त्या दिवसापासून पुन्हा सुटली ती आजतागायत, असे त्यांच्या घरचे सांगतात. पण दिंडीही सुटली. सप्ताहाला येणे सुटले. आम्ही बोलावणी धाडली, ते कामाचे निमित्त सांगत राहिले. मी मनात म्हणत होतो, एवढा काय अहंकार! त्यांच्या जागी उभा राहून मी कधी पाहिले नव्हते. ज्याला चारशे माणसांसमोर ‘बदलला’ म्हणून उभे केले, त्याला पडल्यावर हळूच मागच्या रांगेत येऊन बसण्याची वाट मीच बुजवली होती. त्यांच्याकडून कुणी ‘अजून तरी नाही’ हे उत्तर ऐकायला तयार असते, तर ते आले असते. मी त्यांना विचारलेच नव्हते. मीच जाहीर केले होते.

म्हणून या चित्रपटातले गाडीतले संभाषण मला विनोदाचे वाटत नाही. सगळ्या चित्रपटाचा तोल त्यावर आहे. मॅकचा विश्वास खोटा नाही, पाण्यात बुडणे खोटे नाही. पण झालेल्या गोष्टीला झाली म्हणणे आणि न झालेलीला अजून नाही म्हणणे, एवढा खरेपणा त्याच्याकडे आहे. विधी झाला, काम उरले आहे, हे त्याला ठाऊक आहे.

पुढचा भाग दुःखाचा आहे. स्यू ॲन एका थोराड वादकाबरोबर पळून जाऊन लग्न करते, आणि मोटार अपघातात मरते. मॅक अंत्यविधीला जातो. डिक्सी, जी इतका वेळ कठोर वाटत होती, ती पार कोलमडून गेलेली दिसते. तो परत येतो. एव्हाना गावोगाव वाजवणाऱ्या काही तरुण पोरांच्या संगतीने त्याचे गाणे पुन्हा सुरू झालेले आहे. ही पोरे त्याचे नाव ऐकून त्याला शोधत आली होती. आता कुठे घडी बसत होती.

भाजीच्या त्याच वाफ्यात तो कुदळीने तण काढतो आहे. याच मातीत त्याने लग्नाचे विचारले होते. रोझा ली येऊन उभी राहते. तो काम न थांबवता बोलू लागतो. मी दारूच्या धुंदीत भटकत या भागात का आलो? तू मला आसरा का दिलास, माझी कीव का आली तुला, माझ्याशी लग्न का केलेस? हे का घडले, याला काही कारण आहे का? सनीचा बाप युद्धात का मेला? माझी मुलगी का मेली? आणि मग म्हणतो, सुखावर माझा भरवसा नाही, कधीच नव्हता, पुढेही नसेल.

या प्रश्नांचा क्रम नीट पाहा, माउली. दुःखाने गांजलेला माणूस ‘माझ्यावरच का’ असे विचारतो, हे आपण रोज ऐकतो. नास्तिकही विचारतो, आस्तिकही विचारतो. पण हा माणूस आधी विचारतो ते त्याच्यावर झालेल्या दयेविषयी. मला वाचवले का? ज्या हिशेबात मुलीचे मरण बसत नाही, त्याच हिशेबात माझे वाचणेही बसत नाही. आपण कृपेला गृहीत धरतो आणि संकटाला जाब विचारतो. मॅक दोन्हींना एकाच रांगेत उभे करतो. मला वाटते, चित्रपटाने सांगितलेली सर्वांत खोल गोष्ट हीच आहे, आणि ती सांगताना कॅमेरा जवळ गेलेला नाही, पार्श्वसंगीत वाजलेले नाही. बाई उभी आहे, बुवा तण काढतो आहे, वारा आहे.

तिच्याकडे उत्तर नाही. ती देत नाही. प्रवचनकाराला ही जागा सोसवत नाही, मी स्वतः प्रवचने करतो म्हणून सांगतो. जगद्गुरू तुकोबारायांचे चरित्र सांगताना आपण दुष्काळाशी येतो, थोरली पत्नी अन्नाविना गेली, मुलगा गेला, दुकान बुडाले, आणि लगेच पुढचे वाक्य येते: या आघातांनी त्यांना विठ्ठलाकडे वळवले. वाक्य खोटे नाही. तुकोबारायांनी स्वतःच ते आपल्या अभंगांत सांगून ठेवले आहे. पण त्यांनी ते स्वतःविषयी सांगितले, सोसल्यानंतर सांगितले, आणि लाज, वैताग, लोकांचे बोलणे, सगळे त्यात ठेवले. आपण मात्र पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम देऊन पत्नीच्या चितेवरून थेट भंडाऱ्यावर जातो. त्या दोहोंमध्ये एक माणूस रिकाम्या घरात बसला होता, त्याच्यापाशी आपण क्षणभरही बसत नाही. हॉर्टन फूट बसतात. म्हणून त्यांच्याविषयी मला आदर वाटला.

चित्रपटात खोट नाही असे नाही. रोझा ली जरा जास्तच चांगली आहे. टेस हार्पर या नटीचा हा पहिलाच चित्रपट, आणि तिने अबोल राहून फार काही सांगितले आहे. तरी ही बाई एकदाही चिडत नाही, एकदाही पस्तावत नाही, हे मला पटले नाही. दारुड्याशी संसार केलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या सहनशीलतेला धार असते, आणि ती असली पाहिजे. उलट डिक्सीला लेखकाने फार वेळ केवळ कजाग ठेवले आहे. तिचा राग रास्त आहे, मार तिने खाल्ला आहे, पण आपल्या मनात तिच्याविषयी माया येते ती मुलगी गेल्यावरच. आणि स्यू ॲनचे मरण मला थोडे लेखकाच्या सोयीचे वाटले. मॅकला तो प्रश्न विचारायला लावायचा होता, म्हणून पोरीला मारले, असे दुसऱ्यांदा पाहताना मनात आले. प्रश्न इतका खरा आहे, की मी तक्रार पुढे रेटत नाही.

नावाविषयी एक सांगायचे राहिले. ‘टेंडर मर्सीज’ हे शब्द बायबलातल्या स्तोत्रांत वारंवार येतात. ‘कोवळ्या दया’ असे शब्दशः भाषांतर वाईट होईल. आईच्या मनात जशी माया दाटते तशा कृपा, असा काहीसा त्याचा भाव आहे, आणि अनेकवचन महत्त्वाचे. एक मोठी कृपा नव्हे, लहान लहान कृपा, पुष्कळ. रोझा ली एकदा नवऱ्याला सांगते, की रात्री प्रार्थना करताना देवाने केलेल्या अशा कृपांची मी आठवण काढते, तेव्हा त्या यादीत तू आणि सनी सगळ्यांत आधी असता. ज्याला सगळ्या जगाने ओवाळून टाकले तो कुणाच्या तरी यादीत पहिला असतो. मॅक ते ऐकून काही बोलत नाही.

शेवटच्या प्रसंगात मॅकने आणलेला फुटबॉल घेऊन तो आणि मुलगा मोकळ्या जागेत एकमेकांकडे फेकत असतात. त्याच्या थोडे आधी मुलाने आईला विचारलेले असते, माझे वडील नेमके कसे मेले? तिलाही ते ठाऊक नसते. आता ती दारात येऊन दोघांचा खेळ पाहते. चेंडू जातो, येतो. सावत्र बाप आणि मुलगा, एकाची मुलगी गेलेली, एकाचा बाप. रस्त्यावरून गाड्या जातात. चित्रपट संपतो, आणि आपण बसून राहतो, अजून काही होईल या आशेने.

गेल्या महिन्यात मी त्या पखवाजींच्या शेतावर गेलो. आधी निरोप दिला नव्हता. ते कांद्याच्या वाफ्याला पाणी देत होते. मला पाहून चपापले, मग बांधावर गोणपाट टाकून बसायला दिले. पाऊसपाणी, बाजारभाव, दोन्ही घरची खुशाली, सगळे झाले. घराच्या पडवीत मृदंग खुंटीला टांगलेला दिसत होता, वर जुन्या धोतराची खोळ. वाद्या सैल पडल्या असतील, शाईही उडाली असेल. मी त्याविषयी काही काढले नाही. क्षमा मागायला गेलो होतो, तेही जमले नाही. काहीतरी बोलायचे म्हणून या सिनेमाची गोष्ट सांगू लागलो. ते नीट ऐकत होते. बाटली ओतून टाकल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे न पाहता पायाने वाफ्याचे तोंड बुजवले आणि पाणी दुसरीकडे वळवले. मग मी पाण्यातल्या बुडीचे सांगितले, आणि परतताना गाडीत त्या पोराने विचारलेला प्रश्न सांगितला.

“मग? काय म्हणाला तो, गुरुजी?”

मी सांगितले.

ते बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. नंतर उठून त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली आणि दोन कप चहा सांगितला.